कुंपणावरची वेल आणि ब्रदर मारी-व्हिक्टोरँ

मॉन्ट्रियलमध्ये ज्यांच्या घरामागे हातभर का होईना जमीन आहे, त्या सगळ्यांची एका वेलीशी गाठ पडलेली असते. जूनमध्ये ती कुठूनशी उगवते, जुलैत कुंपण गिळते आणि ऑगस्टमध्ये शेजाऱ्याच्या लायलॅकवर चढून पांढरे भोंगे लावून बसते. उपटायला जावं तर तुटते, आणि जमिनीत राहिलेल्या पेरभर मुळातून काही दिवसांत पुन्हा हजर. पुण्या-मुंबईहून उन्हाळ्यात मुक्कामाला आलेले आईवडील तिच्याकडे कौतुकाने बघत गारवेल म्हणतात. आम्ही इथले रहिवासी तिला काय म्हणतो, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

इंग्रजीत ती हेज बाइंडवीड किंवा वाइल्ड मॉर्निंग ग्लोरी, इथल्या फ्रेंचमध्ये लिझराँ दे ए, म्हणजे कुंपणावरची लिझराँ. शास्त्रीय नाव कॅलिस्टेजिया सेपियम. तिचं कुळ मात्र आपल्या घरोब्यातलं आहे. एकादशीचं रताळं, कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, ओढ्याकाठी माजलेली बेशरम, अंगणातली लाल चांदण्यांची गणेशवेल ही सगळी तिची भावंडं. फरक इतकाच, की आपली रताळ्याची वेल इथल्या पहिल्या हिमदंशात काळी पडते आणि ही बया उणे तीस अंशांत जमिनीखाली पांढऱ्या दोरखंडासारखी मुळं पसरून निवांत झोपून राहते.

ही वेल ज्या पुस्तकात मी पहिल्यांदा नीट वाचली ते पुस्तक आणि ते लिहिणारा माणूस यांच्याबद्दल यंदा लिहायचं ठरवलं. क्युबेकबाहेरच्या आपल्या मंडळींना हा माणूस फारसा ठाऊक नसतो. क्युबेकमध्ये मात्र त्याच्या नावाच्या शाळा आहेत, रस्ते आहेत, आणि मॉन्ट्रियलच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये झगा घातलेला त्याचा पुतळा आहे. सिल्व्हिया दाऊ या शिल्पकार बाईंनी केलेला, १९५४ सालचा. आपण पाहुण्यांना चायनीज गार्डन दाखवायला नेतो आणि त्या पुतळ्याजवळ फोटो काढून पुढे जातो. तोच हा ब्रदर मारी-व्हिक्टोरँ.

त्याचं मूळ नाव कॉनराड किरुआक. जन्म ३ एप्रिल १८८५, किंग्जी फॉल्स नावाच्या छोट्या गावात. वडील धान्याचे व्यापारी. पुढे कुटुंब क्युबेक सिटीला गेलं आणि तिथे त्यांचा जम चांगला बसला. (कोणी जॅक केरुॲकच्या कादंबऱ्या वाचल्या असतील तर आडनावाकडे लक्ष जाईल. तोही याच घराण्याच्या दुसऱ्या फांदीवरचा, अमेरिकेत वाढलेला.) असा खात्यापित्या घरातला हुशार मुलगा दुकान सांभाळेल असं कोणालाही वाटावं. पण सोळाव्या वर्षी, १९०१ मध्ये, कॉनराड शाळा चालवणाऱ्या एका कॅथलिक बंधुसंघात दाखल झाला. हे ब्रदर म्हणजे पाद्री नव्हेत, ते प्रार्थनाविधी चालवत नाहीत. ते ब्रह्मचारी मास्तर. झगा, नवीन नाव आणि आयुष्यभर मुलांना शिकवणं. कॉनराडचा मारी-व्हिक्टोरँ झाला तो असा.

सँ-जेरोम गावात मास्तरकी सुरू झाली आणि अठराव्या वर्षीच छातीने दगा दिला. क्षय. त्या काळी क्षय म्हणजे काय हे आपल्याकडच्या जुन्या पिढीला सांगायला नको. औषध नव्हतंच, विश्रांती आणि मोकळी हवा एवढाच इलाज. वर्गात उभं राहणं बंद झालं आणि हा पोरगा रानात फिरायला लागला. हाताशी पुस्तक होतं आबे प्रोव्हाँशे या धर्मगुरूचं, कॅनडातल्या वनस्पतींवरचं, १८६२ मध्ये छापलेलं. चाळीस वर्षं जुनं, अपुरं, पण फ्रेंचमधलं. ते घेऊन तो एकेक झाड, एकेक गवत ओळखू लागला. तब्येत कुरकुरत राहिली ती शेवटपर्यंत, पण क्षयाने त्याला नेलं नाही.

१९०५ पासून तो नदीपलीकडच्या लाँगेयच्या शाळेत शिकवू लागला. तिथे त्याला रोलाँ-जेर्मँ नावाचे फ्रान्सहून आलेले दुसरे ब्रदर भेटले. दोघांची जोडी जमली आणि ती जवळजवळ चाळीस वर्षं टिकली. सुट्टी लागली की पाठीवर वनस्पती दाबून ठेवायची फळी आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा, की निघाले दोघं झगा सावरत दलदलीत. मारी-व्हिक्टोरँ बोलका, लिहिता, पुढे पुढे धावणारा. रोलाँ-जेर्मँ मागे राहून शांतपणे नमुने गोळा करणारे. अशा जोडीत नाव एकाचंच होतं. तसंच झालं. पण संग्रहातले कागद उलटले की दोघांची नावं बरोबरीने सापडतात.

आता त्या काळची अडचण काय होती ते सांगायला हवं, नाहीतर या माणसाचं काम कळणार नाही. फ्रेंच कॅनेडियन मुलगा शिकायला कॉलेजात गेला तर लॅटिन, तत्त्वज्ञान आणि धर्म शिकायचा. पुढे वकील, डॉक्टर किंवा पाद्री व्हायचा. विज्ञान ही इंग्रज लोकांची गोष्ट. मॅकगिल विद्यापीठ त्यांचं, कारखाने त्यांचे, झाडं ओळखायची चांगली पुस्तकंही इंग्रजीत आणि तीसुद्धा अमेरिकेतली. शेतकऱ्याला आपल्या बांधावरच्या झाडाचं घरगुती नाव ठाऊक असायचं, पण ते नाव कुठल्या पुस्तकात नव्हतं. पुस्तकातलं नाव शेतकऱ्याला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे कुक साहेबाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पती इंग्रजीत लिहिल्या आणि मराठी नावं बारीक टायपात शेवटी टाकली, तसाच हा प्रकार. मारी-व्हिक्टोरँला हे खुपत होतं. ज्या समाजाला आपल्या जमिनीवर काय उगवतं ते आपल्या भाषेत सांगता येत नाही, तो त्या जमिनीचा मालक कसला, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते तो वर्तमानपत्रांतून बिनदिक्कत मांडत असे.

१९२० मध्ये मॉन्ट्रियलच्या फ्रेंच विद्यापीठात विज्ञान शाखा उघडली. वनस्पतिशास्त्र शिकवायला कोण? विद्यापीठाची पदवी नसलेला हा शाळामास्तर नेमला गेला. हार्वर्डच्या फर्नाल्डसारख्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाशी त्याचा पत्रव्यवहार होता, निबंध छापून आले होते, हीच काय ती पात्रता. डॉक्टरेट नंतर झाली, १९२२ मध्ये, क्युबेकच्या नेच्यांवर. पुढच्याच वर्षी त्याने आणि इतरांनी फ्रेंच भाषेतल्या विज्ञानाच्या प्रसारासाठी एक मोठी संघटना उभी केली. आकफास या नावाने ती आजही दरवर्षी अधिवेशन भरवते. १९२६ मध्ये त्याने ल दव्हार या दैनिकात लिहिलं, की विज्ञान आणि धर्म यांनी आपापल्या वाटेने जावं, एकमेकांच्या वाटेत पाय घालू नये. झगा घातलेल्या माणसाने त्या काळच्या क्युबेकमध्ये हे लिहायला छाती लागते. वरिष्ठांना सगळंच रुचलं असेल असं नाही.

१९२४ पासून तो उन्हाळ्यात सेंट लॉरेन्सच्या आखातातल्या अँटिकोस्टी आणि मिंगान बेटांवर जाऊ लागला. तिथे पहिल्याच वर्षी त्याला एक काटेरी झाड दिसलं, आपल्या उंटकटाऱ्याच्या जातकुळीचं. बरीच वर्षं नुसती पानं धरून बसतं, एकदाच फुलतं आणि मरतं. पूर्व कॅनडात असं दुसरं कुठे नव्हतं. १९२५ मध्ये त्याने त्याला मिंगानचं नाव देऊन नवी जात म्हणून जाहीर केलं. आजचे वनस्पतिशास्त्रज्ञ ही वेगळी जात मानत नाहीत. हेच झाड पश्चिमेला रॉकी पर्वतांच्या बाजूला मिळतं. मिंगानची झाडं म्हणजे त्याच जातीची, तीन हजारांहून अधिक किलोमीटर दूर राहिलेली एक छोटी वसाहत. मला विचाराल तर याने शोधाची किंमत कमी होत नाही, उलट वाढते. हिमयुगानंतर ती तिथे कशी राहिली, मधला एवढा मुलूख रिकामा का, हा प्रश्न नव्या जातीपेक्षा मोठा आहे. नेमक्या असल्या कोड्यांवर मारी-व्हिक्टोरँ आणि फर्नाल्ड वर्षानुवर्षं खल करत होते.

आणि मग १९३५, पन्नाशी गाठली ते वर्ष, त्याच वर्षी फ्लोर लोराँसिएन प्रसिद्ध झालं. सेंट लॉरेन्सच्या खोऱ्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ: नऊशेहून अधिक पानं आणि ब्रदर आलेक्सांद्र यांनी काढलेली सुमारे २८०० चित्रं. प्रत्येक झाडाला लॅटिन नाव आणि त्याच्या जोडीला फ्रेंच नाव. काही नावं शेतकऱ्यांकडून घेतलेली, काही जुन्या प्रवाशांच्या कागदांतून उचललेली, कुठे नव्हतंच तिथे नवीन घडवलेलं. वर्णनं कोरडी नाहीत. कुठल्या झाडाचा चहा करत, कुठल्याने गाय मेली, कुठलं बोटीतून युरोपातून आलं हेही सांगितलेलं. माझ्या मुलांच्या फ्रेंच शाळेतल्या वाचनालयात याची जाडजूड प्रत होती. (१९७७ च्या भाषा-कायद्यामुळे आपली बहुतेक मुलं इथे फ्रेंच शाळेत जातात. त्यावर आपल्या मंडळात किती वाद झालेत ते सगळ्यांना आठवत असेलच.) ती घरी आणून मी आधी शोधली ती कुंपणावरची वेल.

मारी-व्हिक्टोरँने तिला कॅलिस्टेजियात ठेवलेलं नाही. त्याच्याकडे ती कॉन्व्हॉल्व्हुलस सेपियम आहे, आणि यामागे एक लांबलचक भांडण आहे. १७५३ मध्ये लिनियसने तिला हेच नाव दिलं. सेपियम म्हणजे कुंपणाची. म्हणजे नाव देणाऱ्यालाही ती पहिल्यांदा कुंपणावरच भेटली असणार! १८१० मध्ये रॉबर्ट ब्राउनने म्हटलं, हिच्या फुलाच्या बुडाशी दोन मोठी हिरवी पानं कळीला शालीसारखी लपेटून असतात, तेव्हा ही प्रजातीच वेगळी. त्याने ग्रीक शब्द जोडून कॅलिस्टेजिया हे नाव केलं. अर्थ, झाकलेला पुष्पकोश. ओळखायची आणखी एक खूण आहे. फुलाच्या मधल्या दांडीचं टोक, म्हणजे कुक्षी, भिंगाखाली बघा. रताळ्याच्या प्रजातीत ते गोल गाठीसारखं असतं, कॉन्व्हॉल्व्हुलसमध्ये दोन बारीक दोऱ्यांसारखं, आणि आपल्या कुंपणवालीत दोन जाडसर फुगीर पाकळ्यांसारखं. मुलांना भिंग देऊन रविवारी सकाळी बसवावं, अर्धा तास घरात शांतता लाभते.

उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच जणांनी ब्राउनचं म्हणणं मानलं नाही, आणि १९३५ मध्ये मारी-व्हिक्टोरँही जुन्याच नावाला धरून राहिला. नंतरच्या पिढीने कॅलिस्टेजिया पक्कं केलं आणि त्याचं पान जुनाट ठरलं. गंमत पुढे आहे. एकविसाव्या शतकात डीएनए तपासले गेले तेव्हा दिसलं, की कॅलिस्टेजिया ही कॉन्व्हॉल्व्हुलसच्याच वंशवृक्षातली एक आतली फांदी आहे. काटेकोर बोलायचं तर वेगळं बिऱ्हाड थाटायला तिला आधार कमीच. सोयीसाठी नाव वेगळं ठेवलं आहे, इतकंच. ब्रदरांनी कुठल्या कारणाने जुनं नाव ठेवलं असेल ते असो, पान तितकं जुनाट राहिलं नाही.

दुसरा प्रश्न तिच्या मुलखाचा. ही वेल युरोपात आहे, आशियाच्या थंड भागात आहे, आणि कॅनडात न्यूफाउंडलंडपासून ब्रिटिश कोलंबियापर्यंत आहे. मग इथली की बाहेरची? उत्तर दोन्ही. उत्तर अमेरिकेचे तिचे स्वतःचे उपप्रकार आहेत. त्यांतल्या एकाची फुलं गुलाबी, पांढऱ्या रेघांची. ती नदीकाठी, ओलसर झुडपांत दिसतात. युरोपातला पांढऱ्या फुलांचा उपप्रकार वसाहतवाल्यांबरोबर आला. बी टणक, पाण्यावर तरंगणारं, म्हणून नदीने पसरायला सोपं. मुळाचा तुकडा मातीच्या गाडीबरोबर कुठेही जातो. आता शहरातल्या कुंपणावर या सगळ्यांची अशी सरमिसळ झाली आहे, की फूल हातात घेऊनही तज्ज्ञ दोनदा बघतात. इथली कोण आणि आलेली कोण, या प्रश्नावर निवडणुकीच्या काळात टीव्हीवर भांडणारे लोक पाहिले की मला या वेलीची आठवण येते.

परत ब्रदरांकडे येऊ. त्यांचं दुसरं वेड म्हणजे बाग. १९२९ मध्ये ते एका विज्ञान परिषदेसाठी दक्षिण आफ्रिकेला गेले आणि पॅलेस्टाईन, युरोप करत परतले. वाटेत जिथे जिथे बोटॅनिकल गार्डन होतं तिथे गेले. मॉन्ट्रियलसारख्या शहराला अशी बाग नाही याची त्यांना लाज वाटू लागली. महापौर कामिलियाँ उद हे त्यांच्या ओळखीचे. मोठ्या पोटाचा, मोठ्या आवाजाचा, लोकांचा लाडका पुढारी. १९३१ मध्ये शहराने बागेला मंजुरी दिली. पण वेळ बघा: महामंदीचा तळ. लोक सूपसाठी रांगा लावत होते आणि हा मास्तर फुलबागेसाठी पैसे मागत होता. १९३२ मध्ये उद निवडणूक हरले आणि काम थंडावलं. वर्तमानपत्रांतून टीका झाली, चेष्टा झाली. मारी-व्हिक्टोरँ दारोदार फिरत राहिले, भाषणं देत राहिले, मंत्र्यांना पत्रं लिहीत राहिले. शेवटी मंदीच कामाला आली. बेकारांना रोजगार द्यायच्या सरकारी योजनेतून १९३६ नंतर मजूर मिळाले आणि खडकाळ माळावर तळी, टेकड्या, काचघरं उभी राहिली. आराखडा न्यूयॉर्कहून आलेल्या हेन्री टॉयशर या जर्मन माणसाचा. झगेवाला ब्रदर, जर्मन बागवान आणि बेकार मजूर. ऑलिम्पिक स्टेडियमसमोरची ती ७५ हेक्टर हिरवळ या मंडळींची आहे. १९३९ मध्ये विद्यापीठाची वनस्पतिशास्त्र संस्थाही बागेतच राहायला आली.

त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये मार्सेल गोव्रो या बाई होत्या. त्यांनी १९३५ मध्ये शाळेआधीच्या वयाच्या मुलांना निसर्ग शिकवणारी शाळा काढली आणि मारी-व्हिक्टोरँच्या लिखाणात मोठी मदत केली. दोघांची पत्रं २०१८ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्त्री-पुरुषांच्या शरीराबद्दल, कामभावनेबद्दल दोन व्रतस्थ माणसांनी वैज्ञानिकाच्या मोकळेपणाने लिहिलेली ती पत्रं वाचून क्युबेक चकित झालं. २०२३ मध्ये त्यावर चित्रपटही आला. काहींना ब्रदर त्यामुळे पायरीवरून उतरल्यासारखे वाटले. मला ते दोघंही एकाकी वाटले, आणि प्रामाणिक. एवढंच म्हणेन.

शेवटच्या वर्षांत हृदय साथ देईना. डॉक्टरांच्या सांगण्यावरून हिवाळ्यात ते क्युबाला जाऊ लागले आणि विश्रांती घेण्याऐवजी तिथल्या ब्रदर लेऑन यांच्याबरोबर अख्खं बेट पिंजून काढलं. त्याचेही ग्रंथ झाले. १५ जुलै १९४४ रोजी विद्यार्थी आणि सहकाऱ्यांबरोबर ब्लॅक लेकच्या बाजूला एक दुर्मिळ नेचा पाहायला गेले होते. परतताना मोटारीला अपघात झाला. बाकीचे वाचले; त्यांच्या दुबळ्या हृदयाला तो धक्का सोसला नाही. वय ५९.

फ्लोर लोराँसिएनच्या सुधारित आवृत्त्या १९६४ आणि १९९५ मध्ये निघाल्या, आणि इथला कुठलाही हौशी माणूस रानात जाताना अजून तिचंच नाव काढतो. दोघा ब्रदरांनी सुरू केलेल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात आज सहा लाखांहून अधिक नमुने आहेत. २०११ पासून तो बागेतल्याच जैवविविधता केंद्रात ठेवला आहे.

त्यांच्या नावाचं एक फूलही आहे. १९२३ मध्ये फर्नाल्डने एका जेन्शियनला व्हिक्टोरँचं नाव दिलं. निळ्या-जांभळ्या, झालरीच्या पाकळ्या. सेंट लॉरेन्सच्या ज्या पट्ट्यात पाणी गोडं आहे पण समुद्राची भरती-ओहोटी पोहोचते, तेवढ्याच काठावर, क्युबेक सिटीच्या आसपास ते उगवतं. जगात दुसरीकडे नाही. कायद्याने संरक्षित आहे, तेव्हा तोडायचं नाही, नुसतं बघायचं. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत फुलतं. आपल्यापैकी कोणी लेबर डेच्या सुट्टीत क्युबेक सिटीला जाणार असेल तर आधी भरतीचं वेळापत्रक पाहून निघावं. मोठ्या भरतीत ती फुलं पाण्याखाली जातात.